माइकवाल्या राजमहंमदभाईंची तार

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत एक काळ असा होता, की राजमहंमदभाईंशिवाय कुणाचा आवाज पुढच्या गल्लीत पोचत नसे. लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, निवडणुकीची सभा असो की जत्रेतलं वगनाट्य असो, सायकलच्या कॅरिअरला अँप्लिफायरची पेटी आणि हँडलला दोन कर्णे बांधून हा माणूस सगळ्यांच्या आधी हजर. मांडवाचे खांब पुरते उभे राहायच्या आत हे वर चढून कर्णे बांधून मोकळे. मग खाली उतरायचे, माइकवर बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "बारामती बोलतीय! बारामती बोलतीय!" तेवढ्यावर पोरंटोरं मांडवाकडे पळत सुटायची.

रंगमंचावर उभ्या राहणाऱ्याला टाळ्या मिळतात. त्याचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत नेणारा माणूस मात्र विंगेच्या मागे, पेटीशेजारी, कान देऊन बसलेला असतो. नटाचा घसा बसलाय हे नटाच्या बायकोच्या आधी त्याला कळतं. कर्ण्यातून शिट्टी वाजायच्या आत त्याचं बोट बटणावर पोचलेलं असतं. अशा माणसांत राजमहंमदभाई अव्वल. एकदा इंदापूरकडच्या एका गावात राजाचं काम करणाऱ्या नटाचा आवाज ऐन दरबारात बसला. भाईंनी बटणं अशी काही फिरवली, की गावाला वाटलं, राजा मुद्दामच घोगरा बोलतोय, मनात काहीतरी कपट शिजतंय. त्या प्रवेशाला राजाला टाळ्या पडल्या. भाई पेटीमागे बिडी ओढत हसत होते.

त्यांची एक सवय होती. लग्नसराईत एकाच आळीत तीन-तीन मांडव पडायचे आणि सामानाची अदलाबदल व्हायची. म्हणून भाईंनी आपल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव घातलेलं होतं : राजमहंमद, बारामती. कर्ण्यावर, पेटीवर, माइकच्या स्टँडवर, वायर गुंडाळायच्या लाकडी चरकावर, पाण्याच्या कळशीवरसुद्धा. नाव घातलं की वस्तू घरची झाली, असा त्यांचा हिशेब.

त्यांची बायको जमीलाबाई म्हणायच्या, "आता माझ्या पाठीवर तेवढं लिवायचं ऱ्हायलंय. तेबी उरकून टाका एकदा."

"तुला कोण चुकून घिऊन जातंय?" भाई म्हणायचे, आणि मग दोन दिवस त्यांना चहा पाणचट मिळायचा.

जमीलाबाई जत्रेला बरोबर असत. हरवलेल्या पोरांची पुकार त्याच करायच्या. पुरुषाचा आवाज ऐकून पोर आणखी रडतं; जमीलाबाईंचा आवाज ऐकला की पोर रडायचं थांबून कर्ण्याकडे बघायचं. अशी कित्येक पोरं त्यांनी आवाजाच्या दोरीनं ओढून आईपाशी आणली.

नव्वद साल उलटलं आणि मांडवांचा नूर पालटला. टेंपोत बसून कपाटाएवढे स्पीकर यायला लागले. भाईंचे कर्णे माळ्यावर गेले. त्याचं त्यांना फार दुःख झालं असं नाही. पोटापुरतं होतं, गुडघेही कुरकुरायला लागले होते, आणि लेक साजिया शिकून हाताशी आली होती. तिनं बी.कॉम. केलं, संगणकाचा कोर्स केला आणि शहाण्णव साली घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक आणून बसवला. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल असं टायपिंगचं आणि छपाईच्या मांडणीचं काम ती करू लागली. सकाळी ती इंदापूर रस्त्याच्या एका क्लासमध्ये शिकवायला जाई आणि साडेअकराला परत येई.

त्या आधी अकरा वाजता भाई यंत्र चालू करून ठेवत. कपड्यानं पडदा पुसत, व्होल्टेजचा काटा बघत. बस, एवढंच त्यांचं काम. बाकी वेळ खुर्चीत बसून ते लेकीची बोटं कशी चालतात ते बघत. येणाऱ्या गिऱ्हाइकाला पाणी देत. गिऱ्हाईक साजियाशी बोले, तिचं ऐके, तिला नमस्कार करून जाई. भाईंना लेकीचा अभिमान वाटे. पण मनात कुठंतरी एक बारीक सल होता. ज्यानं आयुष्यभर खेळ उभा केला, त्याला या खेळात नेमणूकच नव्हती. आपल्याच घरात आपण प्रेक्षक झालो, असं त्यांना वाटायचं.

नव्व्याण्णव साल उजाडलं आणि एक मोठं काम चालून आलं. अंथुर्ण्याचे गंगाराम साबळे गुरुजी निवृत्त झाले होते, पण ज्या शाळेत शिकले आणि पुढं जिथं तीस वर्षं शिकवलं, ती शाळा त्यांना निवृत्त होऊ देत नव्हती. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्याची स्मरणिका काढायची होती. आठवणी, मनोगतं आणि एक्केचाळीस जुने फोटो. गुरुजींनी फोटोंचं पाकीट साजियाच्या हातात असं ठेवलं, जसं कुणी तान्हं मूल ठेवावं.

"ह्यातला एक फोटो माझ्या वर्गाचा हाय," ते म्हणाले. "छप्पन सालानंतरचा. आमच्या वस्तीतली आमी सातजण पयल्यांदा सगळ्यांच्या बराबर पुढच्या रांगेत बसलो, तवाचा. तेवढा जपा, पोरी."

साजियानं या कामासाठी दुसरा संगणक घेतला. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर जुन्या यंत्राला जखडलेले. फोटो आत घेणारा स्कॅनर फक्त नव्या यंत्राला चालत होता. नवं यंत्र मधल्या खोलीत ठेवलं. फोटो त्या यंत्रात आले खरे, पण एकेक फोटो एवढा जाडजूड, की फ्लॉपीत मावेना. ते पुढच्या खोलीत, जुन्या यंत्रात न्यायचे तर दोन्ही यंत्रं तारेनं जोडणं भाग होतं.

"पुण्याचा इंजिनिअर आठ दिवसांनी येतो म्हणतोय," साजिया म्हणाली. "आणि कार्यक्रम तर रविवारच्या पुढच्या रविवारी."

भाई खुर्चीतून उठले. "तार जोडायचीय ना? मग पुण्याचा माणूस कशाला पायजे? तारेचं काम माझं."

साजियानं वडिलांकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांची पाठ ताठ झालेली दिसत होती. ती म्हणाली, "बरं अब्बा. तारेचं काम तुमचं."

तार आली. पेन्सिलीएवढ्या जाडीची, काळी. प्रत्येक यंत्राच्या मागं इंग्रजी टी अक्षरासारखा एक जोड आणि तारेच्या दोन्ही टोकांना बसवायच्या दोन छोट्या टोप्या. भाईंनी ती भिंतीच्या कडेनं अशी नेली, की कुणाला वाटावं चुन्यातच ओढलेली रेघ आहे. दाराच्या चौकटीला भोक पाडलं तेही खालच्या कोपऱ्यात, जमीलाबाईंच्या नजरेला येणार नाही असं. त्यांच्या नजरेला ते लगेच आलं, ही गोष्ट वेगळी.

दुकानातला माणूस नव्या यंत्रात नेटवर्कचं कार्ड बसवायला आला, तेव्हा साजिया क्लासला गेलेली होती. कार्ड बसवून झाल्यावर तो म्हणाला, "भाई, यंत्राला एक नाव द्यावं लागतं. काय टाकू?"

भाईंना असला प्रश्न आयुष्यात कधी अवघड गेला नव्हता. "राजमहंमद," ते म्हणाले. "दुसरं काय?"

तीन वर्षांपूर्वी जुनं यंत्र आलं तेव्हाही त्यांनी साजियाकडून हेच नाव घालून घेतलं होतं. या खेपेला सांगायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. कर्ण्यावर नाव घातलं हे कुणी घरात येऊन सांगतं का?

सोमवारी दुपारी तार जोडून झाली. साजिया जुन्या यंत्रापाशी बसली. पडद्यावर एक चित्र होतं, त्यावर टिचकी मारली की तारेवरचा सगळा शेजार दिसायचा. तिनं टिचकी मारली. शेजारात एकच नाव उगवलं : राजमहंमद. म्हणजे ती बसली होती तेच यंत्र.

"दुसरं काही दिसत नाही, अब्बा."

"तार सैल असंल," भाई म्हणाले.

त्यांनी टोक कापून नवं केलं. काही दिसेना. मंगळवारी दुसरं टोक कापलं. टोप्या बदलल्या. तार चौकटीतून पुन्हा ओढून घेतली. स्टुलावर चढले, उतरले, नवं यंत्र बंद केलं, चालू केलं. पुढच्या खोलीतून साजियाचा एकच पुकारा, "नाही, अब्बा."

भाईंनी आपला जुना मीटर काढला. तो तारेला लावला तर काटा झकास हलायचा. मीटर म्हणत होता, तार शाबूत आहे. यंत्र म्हणत होतं, मला शेजारीच नाही. दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि ज्या मीटरवर तीस वर्षं विश्वास टाकला, त्याच्याकडे भाई पहिल्यांदाच संशयानं बघू लागले. मीटरपेक्षाही जास्त संशय त्यांना आता आपल्या हातांचा यायला लागला.

बुधवारी गंगाराम गुरुजी मजकूर तपासायला आले. भाई मधल्या खोलीत जमिनीवर पालथे पडून टेबलाखाली शिरलेले होते. बाहेर दिसत होते फक्त पाय.

"भाई," गुरुजी त्या पायांना म्हणाले, "राम राम."

"राम राम, गुरुजी," टेबलाखालून आवाज आला. "बसा. तारेचं जरा बघतोय."

"आमच्या गावच्या मोहनरावांचा पुतण्या उद्या दुपारी पुण्याला चाललाय. न्हाय जमलं तर फोटो त्याच्याकडं देतो. तिकडं छापखान्यात सगळं एका जागी हुतंय म्हणं." गुरुजींनी हे अगदी मऊ आवाजात सांगितलं, पण मऊ आवाजातलं जास्त लागतं.

भाई मागं सरकत बाहेर आले. केसांना जाळी लागलेली. त्यांनी साजियाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिचं मनही तिकडे झुकलंय हे त्यांना समजलं.

"उद्या बारा वाजेपर्यंत थांबा, गुरुजी," ते म्हणाले. "बाराला न्हाय झालं, तर पाकीट मी स्वतः नेऊन देतो."

गुरुवारी साजियानं क्लासला सुट्टी टाकली. सकाळी ती जुन्या यंत्रापाशी बसली, तर मधल्या खोलीत भाईंनी नवं यंत्र चालू केलं. जमीलाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. तिथून त्यांना नवऱ्यासमोरचा पडदा दिसत होता.

"अवं," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी ती पाटी येती, ती काय असती वं?"

"कसली पाटी?"

"आत्ता आली आन् तुमी पुसली न्हाय का? बटण दाबून."

"ती व्हय," भाई म्हणाले. "ती येतच असती."

पुढच्या खोलीतली टकटक थांबली. साजिया उठून दारात आली. "अब्बा, कसली पाटी?"

"तूच सांगितलंस की. पाटी आली की एंटर दाबा, काही होत न्हाय."

"ते जुन्या यंत्राचं सांगितलं होतं! प्रिंटर बंद असला की येते ती पाटी. नव्यावर काय येतंय?"

"इंग्रजीत असती. मी काय वाचतोय."

"किती दिवस येतीय?"

भाईंनी आठवून पाहिलं. "तार जोडली तवापासून. रोज येती आन् रोज घालवतो." हे सांगताना त्यांच्या आवाजात चोख काम केल्याचं समाधान होतं.

साजियानं नवं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तिघंही पडद्यासमोर उभी राहिली, पडदा वर जायची वाट बघणाऱ्या प्रेक्षकांसारखी. पाटी आली. भाईंचं बोट सवयीनं पुढं झालं. जमीलाबाईंनी ते मेथीच्या हातानंच धरून ठेवलं.

साजियानं वाचलं आणि सावकाश मराठीत सांगितलं, "यात लिहिलंय, तुम्ही दिलेलं नाव या नेटवर्कवर आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं आहे." ती वळली. "अब्बा, याला नाव काय दिलंय?"

भाई म्हणाले, "जे सगळ्यावर हाय तेच."

"राजमहंमद?"

"मग काय सोपान देऊ?"

हे ऐकलं मात्र, आणि जमीलाबाई अशा हसायला लागल्या की मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली. "सोपानच की! अवं, ती जत्रा इसरला का? मी माइकवर पुकारलं, सोपान, बाळा, तुजी आई देवळाम्होरं उबी हाय. तर दोन सोपान आले! आई एक आन् सोपान दोन! आन् दोघंबी म्हणत्यात, मलाच बोलीवलं. तवापासनं मी पोराच्या बापाचं नाव आन् गाव घेतल्याबिगर पुकारत न्हवते."

भाईंना ती जत्रा आठवली. त्यांनी एकदा या खोलीकडे बघितलं, एकदा त्या. तारेवर दोन राजमहंमद उभे होते. पहिला आधी येऊन बसलेला. दुसरा रोज सकाळी दारात येई, त्याला कुणीतरी सांगे, या नावाचा माणूस आत आहे, तू परत जा. आणि तो निरोप भाई स्वतःच्या बोटानं पुसून टाकत होते.

मग अचानक त्यांचा चेहरा बदलला. "थांब, साजिया. आत राजमहंमद हाय, हे त्याला कसं कळलं?"

"तारेवरून कळलं."

"म्हंजी तार चालू हुती?"

"पहिल्या दिवसापासून चालू होती, अब्बा. तार चांगली होती म्हणूनच पाटी आली. तुटलेली असती तर दोघं आपापल्या खोलीत निवांत बसले असते."

भाई स्टुलावर टेकले. त्यांनी मीटर हातात घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं त्याची काच पुसली. हात खोटे नव्हते. चांगली तार आपण दोनदा कापली, याचं दुःख करावं की आनंद, हे मात्र त्यांना ठरवता येईना, म्हणून ते नुसतेच हसत बसले.

"आता दुसरं नाव सांगा," साजिया म्हणाली. "लवकर. बाराला गुरुजी येतील."

"जमीला," भाई म्हणाले. जसं दुकानातल्या माणसाला सांगितलं होतं तसंच, विचार न करता.

"नगं बाई," जमीलाबाई मेथी गोळा करत म्हणाल्या. "यंत्राला कुठं बाईमाणसाचं नाव..." पण पुढं त्या अडखळल्या, आणि साजियानं अक्षरं टाइप केली तेव्हा मान उंच करून बघत होत्या. "माझंच हाय का ते?" त्यांनी विचारलं. "दिसतंय तर बरं."

यंत्र पुन्हा चालू झालं. पाटी आली नाही. साजिया पुढच्या खोलीत धावली, भाई तिच्यामागं. शेजार उघडला : दोन नावं, एकाखाली एक. तिनं जमीलावर टिचकी मारली. आत काहीच नव्हतं. मोकळं घर.

"आता काय?" भाईंनी विचारलं.

"आता ही माझी चूक," साजिया कपाळावर हात मारून म्हणाली. "नाव कळलं म्हणून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही ना. फोटो द्यायची परवानगीच मी दिलेली नाही." ती मधल्या खोलीत गेली आणि फोटोंच्या फोल्डरला परवानगी दिली. पडद्यावर त्या पिवळ्या फोल्डरच्या खाली एक छोटा हात उगवला, कुणी ताट पुढं करावं तसा. भाईंना तो हात फार आवडला. "हे बरं केलंय," ते म्हणाले. "ज्यानं केलं त्याला देण्याघेण्याची रीत म्हाईत हाय."

पुढच्या खोलीत पहिला फोटो उतरला तो गुरुजींच्या वर्गाचा. वरून खाली, पट्टीपट्टीनं. आधी शाळेचं छप्पर, मग टोप्या, मग डोळे, मग पुढच्या रांगेतली मांडी घालून बसलेली सात पोरं. बाराला पाच कमी असताना गुरुजी दारात आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते पडद्यापाशी गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डावीकडनं तिसरा," ते म्हणाले. मग वळून भाईंचा हात धरला. "इथवर आणलंत, भाई."

"तारेचं काम माझं होतं," भाई म्हणाले. दोनदा कापल्याचं सांगणार होते, पण जमीलाबाईंनी डोळ्यांनी गप्प केलं.

स्मरणिका वेळेवर झाली. त्या रविवारी अंथुर्ण्याच्या शाळेच्या पटांगणात तिघंही खुर्च्यांवर बसली. भाषणं झाली, सत्कार झाले, पुस्तिका हातोहात गेल्या. लोक पानं उलटून फोटोत आपापले बाप, चुलते शोधत होते. कार्यक्रम आटोपल्यावर गुरुजी साजियाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, शाळेला देणगीतनं दोन संगणक आल्यात. एक हापिसात, एक वर्गात. ते असेच जोडून देशील का?"

"मी आतलं बघते," साजिया म्हणाली. "तारेचं काम अब्बांचं. तुम्ही त्यांच्याशी बोला. ते सांगतील तो दिवस."

गुरुजी भाईंकडे वळले. भाईंनी टोपी नीट केली. उठून हापिसापासून वर्गापर्यंतची भिंत नजरेनं मोजून आले. "बुधवारी येतो," ते म्हणाले. "पन्नास फूट तार लागंल. खिडकीवरनं घिऊ, पोरांच्या हाताला लागाय नगं. फक्त तोवर एक करा, गुरुजी. दोघांची नावं ठरवून ठेवा."

"नावं?" गुरुजी हसले. "त्यात काय एवढं ठरवायचं? दोघांलाबी शाळेचंच नाव द्यू की."

भाईंनी जवळची खुर्ची ओढली, दुसरी गुरुजींच्या मागं सरकवली. "बसा, गुरुजी," ते म्हणाले. "तुमाला जरा बैजवार सांगतो."

जमीलाबाईंनी साजियाकडे बघितलं, हातातली पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाल्या, "साडेचारची एसटी गेली म्हण आता."